मागच्या फळीवरची तारीख

३ फेब्रुवारी, सोमवार

पुतणीचा फोन. धाकट्याची मुलगी. वर्षातून दोनदा फोन करते — एकदा माझ्या वाढदिवसाला, एकदा आमच्या हिच्या. आज कुणाचाच वाढदिवस नव्हता.  म्हटलं, काय झालं गं?

काही झालं नव्हतं. पोरीनं नोकरी सोडून बायकांचे व्यायामाचे वर्ग काढलेत. पत्र्याचा मोठा हॉल, चाळीस बायका, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. गाणी लावून हातपाय हलवायचे. पण मागच्या रांगेला ऐकू जात नाही आणि बटण वाढवलं की आवाज फाटतो. "कानाशी कुणी पत्रा ओढतंय असं होतं, काका! आणि कंपनीच्या मोठ्या स्पीकरच्या पेट्या मला परवडत नाहीत. बाबांची ती जुनी एक आहे, ती झकास वाजते. पण एक पुरत नाही."

मग बाजारातली एखादी आण की जोडीला, मी म्हटलं.

"आणणारच होते. बाबा म्हणाले, आणू नकोस. आपल्या पेटीशी दुसऱ्या कुणाची जुळायची नाही. दादाचीच लागेल."

एकोणीस वर्षांनी! एकोणीस वर्षांनी गड्यानं कबूल केलं म्हणायचं की या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला लिहू.

देतो म्हटलं. दुकानातली माझी जुनी पेटीच देतो, डागडुजी करून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेटी दुकानातल्या मांडणीवरून उतरवली. मी एका बाजूला, समोरचा शिंपी दुसऱ्या बाजूला. शिंपी म्हणाला, "काय भरलंय हिच्यात? आयुष्यभराची पापं?" हसलो.

वजन आहेच. पॅकिंगच्या खोक्यांचा प्लाय, दोन थर एकावर एक चिकटवलेले. आत जुन्या गाद्यांचा कापूस. पुढे आवाजाला वाट द्यायला नळाच्या पाइपचा तुकडा. आणि मोडीत निघालेल्या सिनेमा थिएटरातले स्पीकर — जुने, पण थोड्या विजेवर मोठे बोलणारे. तेव्हा आम्ही दोघं अशाच पेट्या करायचो. शाळा, वाचनालयं, छोटी मंडळं — ज्यांना विकतच्या झेपत नसत, त्यांच्यासाठी. धाकटा म्हणायचा, "आवाज मोठा करायचा म्हणजे बटण पिरगाळायचं नाही, पेटी मोठी करायची. बटण पिरगाळून फक्त आरडाओरडा वाढतो." हे तो स्पीकरबद्दल म्हणायचा. माझ्याकडे बघून म्हणायचा.

सुतारकाम त्याचं, जोडणी माझी. पुढे तोही जोडणी शिकला, मीही रंधा मारायला लागलो. शेवटची जोडी केली तेव्हा एक पेटी पूर्ण त्याची, एक पूर्ण माझी.

या धंद्यात आमचा एक नियम होता. मीच केलेला. पेटी बंद करण्याआधी ती ज्यानं केली नाही, त्या दुसऱ्यानं तपासायची. तारेच्या टोकांना घड्याळातला साधा सेल लावायचा. सेलचं अधिक टोक लाल तारेला. स्पीकरचा पडदा बाहेर आला की तारा सुलट, आत गेला की उलट. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि ज्यानं सेल लावला त्यानं मागच्या फळीवर आतून पेन्सिलीनं तारीख लिहायची. तारीख असली की समजायचं, दुसऱ्याच्या नजरेखालून गेलीय.

उद्या उघडतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल गिऱ्हाइकं होती. आज उघडली.

पडद्याच्या कडेचा फोम पार भुगा झालेला. हात लावला की चुरा पडतो. ते अपेक्षितच होतं.

मागच्या फळीवर तारीख नाही.

म्हटलं, पुसली गेली असेल. चष्मा लावला, उजेडात नेली. नाही. लिहिलेलीच नाही.

सेल लावला. पडदा आत गेला.

पुन्हा लावला. आत.

नवा सेल आणला. आत!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुकान उघडलं नाही. हिला सांगितलं, पाठ धरलीय. पाठ ठीक आहे. लिहूनच काढतो, नाहीतर डोक्यात घण बसत राहतील.

बारा डिसेंबर. कामगार वसाहतीतल्या शाळेचा कार्यक्रम. तीनशे माणसं, मुलांची नाटुकली, पाहुण्यांचं भाषण. आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. त्याची पेटी नऊ तारखेलाच तयार होती. माझी अकराला दुपारी झाली. घाईत. तो म्हणाला, "दादा, थांब, सेल लावतो." मी म्हटलं, "वीस वर्षं तारा जोडतोय, मला लाल-काळं कळतं." आणि फळी ठोकली.

हॉलमध्ये मंचाच्या दोन बाजूंना दोन पेट्या. एकेक करून वाजवल्या — दोन्ही उत्तम. दोन्ही एकदम लावल्या आणि आवाजातला जीवच गेला. ढोलाचा ठोका असा की रिकाम्या डब्यावर टिचकी. भाषण करणारा माणूस समोर उभा, आणि आवाज कुठून येतोय तेच कळेना.

आता कुणीही शिकाऊ सांगेल. एका पेटीतल्या तारा उलट असल्या की एकीचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसरीचा मागे. एक हवा ढकलते, दुसरी ओढून घेते. दोघींची ताकद आपसातच मरते. पेटी एकटी वाजली तर काही कळत नाही. एकटीत चूक ऐकूच येत नाही. म्हणून तर फोम झडेपर्यंत माझी ही दुकानात छान वाजत राहिली!

त्यानं लगेच विचारलं होतं. सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात. "दादा, सेल लावला होतास का?" मुख्याध्यापक बाजूला, वसाहतीतली माणसं भोवती. मला राग आला. मला विचारतो? मी शिकवलं याला! म्हटलं, "माझं बघू नकोस. तुझं लाकूड गळतंय, फटींतून हवा जातेय. सांधे भरता येत नाहीत आणि निघाला पेट्या करायला." तो म्हणाला, एका पेटीच्या तारा उलटून तरी बघू. प्लग मीच बनवलेले होते, एकाच बाजूनं बसणारे. उलटायचं म्हणजे पेटी उघडायला हवी. मी म्हटलं, वेळ नाही. आणि आवाज भरेना म्हणून मी बटण पिरगाळलं. शेवटपर्यंत.

फाटला. तीनशे माणसांसमोर टराटरा फाटला. लहान पोरांनी कानांवर हात ठेवले. मी माईकवरून म्हणालो — म्हणालो ना, लिहायला हवं — "माफ करा, धाकट्या बंधूंचं लाकूड गळकं निघालं." लोक हसले.

तीन दिवसांनी त्यानं आपली पेटी उचलली, स्कूटरच्या मागे बांधली आणि गेला. परगावी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. त्यानंतर त्यानं एकही पेटी केली नाही. असा हात होता त्याचा, की त्याच्या सांध्यातून कागद जायचा नाही.

आणि मी तो किस्सा सांगत राहिलो. लग्नांत, बारशांत, दुकानात. 'गळकं लाकूड' घरात म्हणच पडली. कुणाचं काही बिघडलं की सगळे म्हणायचे, गळकं लाकूड! तो समोर असला तरी. तोही हसायचा.

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण कुणाचं तर सख्ख्या भावाचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक आठवलं. त्याच्या पेटीला सेल मीच लावला होता. नऊ तारखेला. पडदा बाहेर आला होता, तारीख मी लिहिली होती. म्हणजे त्याची पेटी बरोबर होती हे मला तेव्हाच ठाऊक होतं. स्वतः तपासलेलं विसरलो — की विसरायचं ठरवलं?

९ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले. मला वाटलं बोलेल, चांगली सुनावेल. एवढंच म्हणाली, "फोन लावा."

फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? मी म्हटलं, जातो. पेटी घेऊनच जातो. त्याच्यासमोर मागची फळी उघडी ठेवतो, म्हणतो, लाव सेल, आणि लिही तारीख. जे तेव्हा करू दिलं नाही ते आता कर.

"मग जा."

आधी पेटी धड करायला नको? फाटक्या पडद्याची पेटी घेऊन माफी मागायला जाऊ?

ती परत भाजी निवडायला लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तारा सुलट केल्या. जुना डाख वितळवून काढला, नवा दिला. सेल लावला — पडदा बाहेर. तारीख लिहिली नाही. ती जागा त्याची.

कडेला फोम न लावता कापडाची पट्टी लावतोय. तेव्हा धाकटा म्हणायचाच, फोम झडतो, कापड टिकतं. मी ऐकलं नव्हतं. कापड गोल बसवायचं म्हणजे फार किचकट. एका बाजूला ताण जास्त झाला तर पडदा तिरका चालतो आणि मोठ्या आवाजाला खरखर येते. दोनदा काढलं, दोनदा लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जायचं होतं. गोंद पुरता वाळला नव्हता. बसच्या धक्क्यांनी पडदा सरकला असता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भावजयीचा फोन हिला आला. धाकट्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. श्वास पुरत नाही. आता घरी आणलंय, बरा आहे, डॉक्टर म्हणाले जिने चढायचे नाहीत. अर्धं आयुष्य लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला सांगतात, जिने चढू नका!

ही म्हणाली, "पेटी राहू दे, तुम्ही जा."

रिकाम्या हातानं कसा जाऊ? काय म्हणू? रविवारी नक्की.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिनं नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. पळायला जागाच ठेवली नाही.

त्यानंच उचलला. "दादा?"

किती वर्षांनी फोनवर असे दोघंच! नेहमी मध्ये बायका, पोरं, कुणाचं तरी लग्न असायचं. मी काय बोललो? "कडेला कापड लावतोय."

"कापडच लाव. फोम नको."

"हो."

 त्याचा श्वास ऐकू येत होता, मध्येच अडकत होता. म्हटलं, आता बोल. बोल रे, मर्दा. तोंड उघडलं तर बाहेर काय आलं — "पाइप तोच ठेवलाय, अर्ध्या फुटाचा."

"चालेल की." मग म्हणाला, "सेल लावलास का?"

एकोणीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, तसाच हळू. टोमणा नव्हता त्यात. मला टोमणे ओळखता येतात, मी स्वतः मारतो.

मी म्हटलं, "लावीन की."

हसला. हसता हसता खोकला आला. भावजयीनं फोन घ्यायला हात पुढे केला असावा, तो तिला म्हणाला, थांब जरा. मग मला म्हणाला, "मागची फळी ठोकू नकोस. उघडीच घेऊन ये. मी बघतो."

'हो' म्हटलं. फोन ठेवला.

एक वाक्य होतं. 'चूक माझी होती.' तीन शब्द. पाइपची लांबी सांगितली मी त्याला!

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. काल उत्साहाच्या भरात पॉलिशचा पहिला हात मारला, तो चिकट राहिला. ओली पेटी बसमधून कशी नेणार? दुसरा हात मारून, वाळवून, येत्या रविवारी. म्हटलं, त्याच्यापुढे ठेवायची तर आरशासारखी हवी.



२७ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटा गेला. दुपारी सव्वातीनला. मी पेटीला दुसरा हात मारत होतो.

३ मार्च, सोमवार

काल परत आलो.

बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, त्याची पेटी. वर धुतलेला सुती रुमाल पसरलेला. सांधे तसेच, बोट फिरवलं तर फट कुठे लागत नाही. चार दिवस मी त्या पेटीशेजारच्या खुर्चीत बसलो. येणारे-जाणारे समजले, भावावर किती जीव याचा.

भावजयीचा भाऊ आल्यागेल्याला धाकट्याबद्दल सांगत होता. "सोन्यासारखा हात. कंपनीत त्याच्यासारखा माणूस नव्हता. एक त्या पेट्यांचं मात्र जमलं नाही बिचाऱ्याला. लाकूड गळकं निघालं ना!" आणि हसत हसत डोळे पुसले. प्रेमानंच बोलला. बाकीचेही ओलं हसले.

मी तिथेच होतो. हाताच्या अंतरावर. उठून एवढंच म्हणायचं होतं — लाकूड गळकं नव्हतं. माझ्या तारा उलट होत्या.

नाही म्हटलं. माणसं बसली होती, प्रसंग तसला. घरच्यांपुढे आत्ता कशाला, असं मनाशी म्हणालो. माझ्याकडे कारणांचा कधी तुटवडा नसतो. पॉलिश ओलं, गोंद ओला, माणसं बसलेली.

माझा विनोद त्याच्या अंत्यदर्शनालाही येऊन गेला.

९ मार्च, रविवार

रविवार. जायला कुणाकडे नाही.

११ मार्च, मंगळवार

शिंपी म्हणाला, पेटी काय चकाकतेय! चेहरा दिसतो हिच्यात. म्हटलं, हो, तोच तर त्रास आहे. त्याला कळलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. आणि झोपा कसा, तर आरशासारखा.

१५ मार्च, शनिवार

पुतणीचा फोन. चाचरत बोलत होती. "काका, घाई नाही. पण बायका विचारतात, वर्ग कधी सुरू. मलाही घरात बसवत नाही आता. ती पेटी..."

तयार आहे म्हटलं. पुढच्या रविवारी घेऊन येतो. आणि म्हटलं, थांब, ठेवू नकोस. सांगितलं सगळं. सेल, तारीख, हॉल, माईकवर काय बोललो ते. एका दमात. इतकी वर्षं जे जड वाटत होतं, ते सांगायला चार मिनिटं लागली.

ती मग म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हा मला 'गळकं लाकूड' म्हणायचे मामाची मुलं. परीक्षेत कमी पडले की." रडत नव्हती. नुसती सांगत होती. "हे आईला सांगा, काका. मला एकटीला सांगून नाही चालायचं."

भावजयीनं फोन घेतला. तिलाही सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, दादा. पण मला सांगून मी काय करू? त्यांना सांगायला हवं होतं."

हो म्हटलं.

"ते तुमच्याबद्दल वावगं कधी बोलले नाहीत. मी बोलायचे, मला गप्प करायचे. दवाखान्यातून आल्यावर फोन वाजला की विचारायचे, दादा आहे का? रविवारी तुम्ही येणार असं जाऊबाईंनी कळवलं की दारात खुर्ची ठेवू द्यायचे नाहीत. पेटी यायची तर वाट मोकळी हवी म्हणायचे."

तीन रविवार. मोजले मी. सोळा, तेवीस, आणि तिसऱ्याला तो नव्हताच.

ती पुढे म्हणाली, "या तुम्ही. पेटी घेऊन या. पोरीचं अडलंय." एवढं करून मला ये म्हणणारी बाई! मी तिच्या जागी असतो तर फोन आपटला असता.

२३ मार्च, रविवार

पेटी पोचली. टेम्पोत मीच मागे बसलो, धरून.

हॉल चांगला आहे. पत्रा वर, पण भिंतींना पुतणीनं जुन्या सतरंज्या टांगल्यात. आवाज घुमू नये म्हणून. तिला हे कुणी शिकवलं? विचारलंच नाही. माहीत आहे.

दोन पेट्या दोन कोपऱ्यांत. आधी त्याची लावली. भरदार. मग माझी. कापडाची कड छान बसलीय, पूर्ण आवाजाला खरखर नाही. भावजय खुर्चीत बसलेली, ही तिच्याशेजारी. पुतणी म्हणाली, "काका, आता दोन्ही."

दोन्ही लावल्या.

आवाजाचा जीव गेला! तसाच. रिकामा डबा. तेच, एकोणीस वर्षांपूर्वीचं!

आणि आता ते लिहितो जे कुणाला सांगणार नाही. मला बरं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं. माझी पेटी आता सुलट आहे, मी स्वतः सेल लावलाय. म्हणजे दोष त्याच्याच पेटीत. म्हणजे मी बरोबर होतो! त्याची बायको समोर बसलेली, आणि मला आतून बरं वाटत होतं. असा माणूस मी.

खिशातला सेल काढला आणि त्याच्या पेटीच्या प्लगला लावला. पडदा आत गेला. उलट! त्याची उलट!

बायका यायला लागल्या होत्या. म्हटलं, आज एकच पेटी लाव, बाकी उद्या बघतो. पुतणीनं वर्ग घेतला. मी मागे भिंतीला टेकून हिशेब मांडत राहिलो, आणि तो हिशेब जमेना. त्या दिवशी माझी उलट होती, हे नक्की. त्याचीही उलट असती तर दोन्ही पडदे एकदम पुढे, एकदम मागे गेले असते. आवाज भरून आला असता, कुणाला काही कळलंही नसतं. ज्या अर्थी आवाज मेला, त्या अर्थी त्याची सुलटच होती. शिवाय सेल मी लावलेला.

मग ती उलट झाली कधी?

२४ मार्च, सोमवार

सकाळी भावजयीसमोर त्याची पेटी उघडली. आठ स्क्रू.

मागच्या फळीवर दोन तारखा. ९ डिसेंबर, माझं अक्षर. खाली २० डिसेंबर, त्याचं. घर सोडून गेला त्याच्या पाचव्या दिवशीची. लाल तार काळीच्या जागी, काळी लालच्या. डाख त्याचाच, तांदळाच्या दाण्याएवढा, स्वच्छ.

त्यानं आपली बरोबर पेटी मुद्दाम उलटी केली होती. आपली सुलट, म्हणजे दादाची उलट, हे त्याला आठवड्यातच कळलं. आणि दादा आपली पेटी जन्मात उघडणार नाही, हे तर त्याला आधीपासून माहीत. म्हणून माझ्या चुकीला जुळेल अशी स्वतःची करून ठेवली. कधी एकत्र आल्या तर वाजाव्यात म्हणून. आणि पोरीनं बाजारातली पेटी आणली असती तर तिच्या तारा त्याला नुसत्या उलटून देता आल्या असत्या. दिल्या नाहीत. पोरीच्या तोंडून मला बोलावणं पाठवलं.

मी माझ्या तारा पुन्हा उलट्या केल्या.

दुपारी हॉलमध्ये दोन्ही एकदम लावल्या. बटण शेवटपर्यंत. मागच्या भिंतीपर्यंत आवाज भरून आला, कुठेही फाटला नाही. भावजय उठून बाहेर गेली.

एक राहिलं लिहायचं. माझी फळी लावायच्या आधी पुतणीच्या हातात पेन्सिल दिली. ती आजची तारीख लिहायला लागली. म्हटलं, आजची नको, वीस डिसेंबर लिही. माझी पेटी त्यानं त्या दिवशीच तपासली होती, न उघडता.